वाक्य कुठून निघालं ते आधी बघा

प्रश्न विचारणारे गृहस्थ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. पाच महिन्यांपूर्वी त्यांचा पहिला कथासंग्रह आला. आधी एका वाचकाने पुस्तकविक्रीच्या साइटवर दोन तारे देऊन तीन ओळी लिहिल्या. त्या त्यांनी जशाच्या तशा पाठवल्या आहेत : ‘भाषा चांगली. पण बऱ्याच कथा जिथे सुरू व्हायला हव्यात तिथेच संपतात. विहिरीची कथा मात्र डोक्यातून जात नाही.’ या तीन ओळींनी त्यांची आठवडाभराची झोप गेली. पुढे कुणीतरी एका कथेतल्या जत्रेच्या वर्णनाचा, अर्ध्या पानाचा, फोटो काढून फेसबुकवर टाकला आणि वर लिहिलं, ‘आमच्या गावाची बदनामी’. तेव्हापासून रोज शिव्या येताहेत. आईवरून, जातीवरून, आणि ‘शाळेत येऊन बघतो’ हेही आहेच. त्यांचं विचारणं असं : उत्तर देऊ, माफी मागू, खातं बंद करू की पोलिसांत जाऊ? प्रकाशक म्हणतात, गाजतंय तर गाजू द्या, खप वाढेल.

सर, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मला त्यात सगळ्यात जास्त काय खटकलं सांगू? तुम्ही दोन ताऱ्यांची ती तक्रार आणि ‘शाळेत येऊन बघतो’ ही धमकी एकाच दमात सांगून टाकलीत, जणू दोन्ही एकाच माणसाचे उद्योग आहेत. घोटाळा इथेच आहे. दोन्हींनी लागतं, आणि पहिल्या पुस्तकाच्या वेळी जवळजवळ सारखंच लागतं, हे मला ठाऊक आहे. पण दोन्हींवर एकच औषध लावलंत, तर पहिला वाचक हातचा जातो आणि दुसरा नको तेवढा मोठा होतो.

मी चौदा वर्षं एका प्रकाशनगृहात संपादनाचं काम केलं, नंतर स्वतः लिहायला लागले. सहा पुस्तकं झाली. म्हणजे इतरांची परीक्षणं वाचून त्यांची समजूत घालणं आणि स्वतःची वाचून रात्री जागणं, दोन्ही करून झालंय. वकील मात्र मी नाही. पुढे कायद्याचं जे येईल ते वकिलाकडून पक्कं करून घ्या.

टीका कुठे संपते आणि ट्रोलिंग कुठे सुरू होतं, हे ओळखायची सगळ्यात कामाची कसोटी मला समीक्षेच्या पुस्तकात सापडली नाही. ती सापडली १८६० सालच्या भारतीय दंड संहितेत. अब्रुनुकसानीचं कलम ४९९. आता १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तेच कलम ३५६ झालं, पण आतला मजकूर बहुतेक तोच आहे. त्याला दहा अपवाद आहेत. सहावा आपल्या कामाचा. जो माणूस पुस्तक छापतो तो ते लोकांच्या निवाड्यासाठी पुढे ठेवतो, असं कायदा तिथे सरळ म्हणतो. मग उदाहरणं येतात. ‘अमक्याचं पुस्तक मूर्खपणाचं आहे, तेव्हा अमका दुबळाच माणूस असणार. त्याचं पुस्तक अश्लील आहे, तेव्हा त्याच्या मनातच घाण असणार’ असं कुणी प्रामाणिकपणे म्हटलं तर गुन्हा नाही. कारण तो लेखकाबद्दल बोलतोय ते पुस्तकात दिसला तेवढ्यापुरतंच. पण ‘अमक्याचं पुस्तक मूर्ख आणि अश्लील निघालं याचं मला नवल वाटत नाही, कारण तो माणूसच दुबळा आणि लंपट आहे’ असं म्हटलं, तर अपवाद लागू होत नाही.

दोन्ही वाक्यं पुन्हा वाचा. शिवी जवळपास तीच आहे. पहिलं वाक्य पुस्तकातून लेखकाकडे येतं, दुसरं लेखकाकडून पुस्तकाकडे जातं. फरक एवढाच आणि तो पुरेसा आहे. गेली कित्येक वर्षं कुठलाही वाईट अभिप्राय आला की मी आधी एवढंच बघते, की हे वाक्य निघालं कुठून. ते लिहायला पुस्तक वाचावं लागलं असतं का?

सौजन्याचा या कसोटीशी संबंध नाही, हेही सांगायला हवं. माझी दुसरी कादंबरी मंगळवेढ्याच्या बाजूला घडते. तिच्यात एक प्रसंग होता : श्रावणातली झिमझिम, शेताच्या बांधावर आगटी पेटवलेली आणि पोरं हुरडा खाताहेत. मला तो प्रसंग फार आवडायचा. एका वाचकाने एक तारा दिला आणि लिहिलं, ‘श्रावणात हुरडा! बाईंनी ज्वारी कधी पिशवीबाहेर बघितली आहे का?’ मी पेटले. रात्री एक वाजता उत्तर लिहायला बसले. ललितलेखनातलं स्वातंत्र्य वगैरे सगळं त्यात होतं. सुदैवाने पाठवायच्या आधी सकाळ झाली आणि मी मंगळवेढ्याच्या आत्याला फोन केला. ती आधी बराच वेळ हसली. मग म्हणाली, ‘अगं, रब्बीची ज्वारी श्रावणात पेरलेलीसुद्धा नसते. हुरडा म्हणजे पौष-माघ.’ चार जणांनी त्या पुस्तकाची प्रूफं वाचली होती, त्यांतला एकही त्या बाजूचा नव्हता. दुसऱ्या आवृत्तीत पोरं मक्याची कणसं भाजून खातात. त्या वाचकाची भाषा कशीही असो, त्याचं वाक्य पुस्तकातून निघालं होतं. तो माझा फुकटचा प्रूफरीडर ठरला.

उलट प्रकारही भेटतो. ‘ताईंबद्दल पूर्ण आदर आहे, पण त्यांचं सासर-माहेर बघता त्यांना हा विषय झेपणार नाही, हे मी आधीच म्हणत होतो.’ एकही अपशब्द नाही. नमस्काराची चिन्हं सुद्धा जोडलेली. पण हे लिहायला पुस्तकाचं मुखपृष्ठही बघावं लागत नाही. ही माणसं मला शिव्या देणाऱ्यांपेक्षा जास्त त्रास देतात, कारण त्यांना उत्तर द्यावंसं वाटतं.

आता तुमचे ते दोन तारे घ्या. ‘जिथे सुरू व्हायला हव्यात तिथेच संपतात.’ या माणसाने पुस्तक शेवटपर्यंत वाचलंय, कथा मोजल्यात आणि एक लक्षात ठेवली आहे. त्याला उत्तर देऊ नका. आभारही मानू नका. ‘आपण मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल ऋणी आहे’ हे सुद्धा नको. लेखक तिथे उगवला की खोलीतली हवा बदलते. पुढचा वाचक लिहायच्या आधी विचार करतो, की हे बघत बसलेत, कशाला उगाच. गुडरीड्ससारखी वाचकांच्या परीक्षणांची मोठी साइटही लेखकांना हेच सांगते, की नकारात्मक परीक्षणाखाली काही लिहू नका.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, चटका बसलाय म्हणून सांगते. २०१६ साली वाचकांच्या एका गटात एकाने लिहिलं होतं, की माझ्या कादंबरीचा उत्तरार्ध रेंगाळतो. मी आठ परिच्छेदांचं उत्तर लिहिलं. उत्तरार्धाची लय मुद्दाम संथ का ठेवली, अमुक प्रतिमा तमुक ठिकाणी का येते, सगळं साग्रसंगीत. त्यावर आठवडाभर चर्चा झाली. कादंबरीवर नाही, माझ्या उत्तरावर. मग माझे चाहते म्हणवणारे चार-पाच जण त्या माणसाच्या प्रोफाइलवर गेले. त्याने बायकोमुलांसोबतचे फोटो टाकले होते, त्यांच्याखाली जाऊन त्याची वाचनाची लायकी काढली. तो गट सोडून गेला. पुढच्या फेब्रुवारीत डोंबिवलीच्या संमेलनात पुस्तकांच्या स्टॉलवर एक गृहस्थ भेटले, त्यांनी नाव सांगितलं आणि मला कानकोंडं झालं. ते अगदी चांगलं बोलले. जाताना म्हणाले, ‘तुमचं नवीन घेतलं नाही मॅडम. परत माझ्याकडून काहीतरी लिहिलं जायचं.’ दर महिन्याला पगारातून पुस्तकं विकत घेणारा वाचक होता तो. मराठीत असे किती असतात?

त्या प्रकरणात ट्रोल कोण होतं, याचा मी पुष्कळ विचार केला. माझ्या बाजूचे लोक होते. तुमच्या बाजूनेही आता मित्र, माजी विद्यार्थी, भाचेमंडळी सरसावतील. त्यांना आजच सांगा, की माझ्या वतीने कुणीही कुणाच्या भिंतीवर जायचं नाही. आणि पाच-पाच तारे देऊन भर घालायला तर अजिबात सांगू नका. अॅमेझॉनसारख्या साइटवर घरच्यांनी परीक्षण लिहिणं नियमातच बसत नाही. शिवाय वाचक बघतातच. दोन दिवसांत आठ पाच-तारे, त्यांतली चार आडनावं एकच, हे कुणालाही कळतं.

उत्तर द्यायला हरकत नाही अशी एक जागा आहे. वाचक लिहितो, ‘माझ्या प्रतीत पान ९७ ते ११२ नाहीतच.’ म्हणजे एक फॉर्मा, एकत्र छापलेल्या सोळा पानांचा गठ्ठा, बांधणीत राहून गेला. किंवा पार्सल भिजून आलं, त्याचा राग पुस्तकाच्या ताऱ्यांवर निघाला. तिथे प्रकाशकांनी दोन ओळींत दिलगिरी व्यक्त करून प्रत बदलून द्यावी. भिजलेल्या पार्सलची तक्रार पुस्तकाच्या परीक्षणात बसत नाही, साइटला कळवलं तर ती काढली जाऊ शकते. पण हे दुकानदारीचं काम आहे, लेखकाने त्यात पडू नये.

रागाचं टोक कुठे जातं, याचं एक उदाहरण माझ्या डोक्यात कायम असतं. २०१४ साली स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथेस गावात एका हौशी लेखकाने, आपल्या पुस्तकाला वाईट म्हणणाऱ्या तरुण मुलीला ती काम करत होती त्या दुकानात जाऊन गाठलं आणि तिच्या डोक्यात दारूची बाटली घातली. पुढच्या वर्षी त्याला तीस महिन्यांची कैद झाली. तुम्ही-आम्ही बाटली घेऊन जात नाही, हे खरं. पण परीक्षण लिहिणाऱ्याचं प्रोफाइल उघडून, तो कुठे नोकरी करतो ते बघत रात्री बसणं मी केलंय. तुम्हीही केलं असेल. ते थांबवा.

आता जत्रा. इथे मला एका गोष्टीची धास्ती आहे, आणि तुमच्या पत्रात तिचं उत्तर नाही. कथेतलं गाव तुमचं आहे का? नाव बदललंय की तेच ठेवलंय? जत्रेतली माणसं ओळखू येतात का? कारण ‘आमच्या गावाची बदनामी’ म्हणणाऱ्या गर्दीत दोन प्रकारचे लोक असू शकतात. एक ज्यांनी फोटोपलीकडे काही बघितलेलं नाही. पुस्तक वाचायची गरजच न पडणारे. (२०२३मध्ये अमेरिकन लेखिका एलिझाबेथ गिल्बर्ट यांनी रशियात घडणाऱ्या कादंबरीची नुसती घोषणा केली, तर गुडरीड्सवर एक-एक ताऱ्यांचा ढीग पडला. पुस्तक छापूनही झालेलं नव्हतं. त्यांनी प्रकाशनच थांबवलं. अर्थात तिथे चिडलेल्यांत युद्धाने पोळलेले युक्रेनी वाचक पुष्कळ होते. त्यांना सरसकट ट्रोल म्हणवत नाही.) दुसरे ज्यांना खरोखर लागलंय. गावातली एखादी म्हातारी, जिला वाटतं की हे माझ्याच घरावर लिहिलंय. त्या दुसऱ्यांना ट्रोल म्हणणं अन्याय होईल.

संपादक असतानाची गोष्ट. एका लेखकाच्या आत्मकथनपर कादंबरीत एक शेजारीण होती, फटकळ, उसनवार घेऊन परत न देणारी. नाव बदललेलं होतं. पण तिच्या डाव्या मनगटावरचं विंचवाचं गोंदण लेखकाने तसंच ठेवलं होतं. खरी बाई अजून हयात. तिने कुठे काही लिहिलं नाही, तिला लिहिता येत नव्हतं. तिने नातवाच्या हातून ते पुस्तक लेखकाच्या घरी पाठवलं, त्या पानात ज्वारीचं धाट खुणेला घातलेलं. लेखक तिच्याकडे जाऊन आला. तिथे काय बोलणं झालं ते त्याने आम्हाला कधी सांगितलं नाही. पुढच्या आवृत्तीत मात्र गोंदण गेलं, बाई तशीच फटकळ राहिली. कथेचं काही बिघडलं नाही. तुमच्या जत्रेत असं एखादं गोंदण राहून गेलंय का, ते शांतपणे बघा. असेल तर फेसबुकवर माफी मागू नका, त्या घरी जा. नसेल तर माफीचा प्रश्नच येत नाही.

आणि कृपा करून ‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास क्षमस्व’ हे वाक्य लिहू नका. त्यातल्या ‘असल्यास’ने ज्याला लागलंय त्याचं समाधान होत नाही, आणि ज्याला भांडायचंच आहे त्याला ‘बघा, चूक कबूल केली’ म्हणायला मिळतं. तुम्हाला काही लिहायचंच असेल तर एकदाच, स्वतःच्या भिंतीवर, खालच्या कमेंटा बंद ठेवून. मी असं काहीतरी लिहीन : ‘माझ्या कथेतल्या अर्ध्या पानाचा फोटो सध्या फिरतो आहे. त्याच्या आधीचं आणि नंतरचं पान सोबत देतो आहे. कथेबद्दल ज्यांना बोलायचं आहे त्यांनी प्रकाशकांच्या पत्त्यावर लिहावं.’ संपलं. त्यात रूपक नको, संविधानाचा दाखला नको, शेर तर नकोच नको. दुसरी पोस्ट टाकायची नाही, पहिलीत बदल करायचे नाहीत.

शिव्यांच्या कमेंटा तुमच्या पानावर असतील तर काढून टाकण्याऐवजी लपवा. फेसबुकवर लपवलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसत राहते, बाकीच्यांना दिसत नाही. काढून टाकलीत की तो स्क्रीनशॉट घेऊन ‘माझी कमेंट उडवली’ म्हणत नवी पोस्ट लिहितो. लपवली तर बहुतेकांना कळतही नाही, ते पाच-सहा दिवस रिकाम्या खोलीत ओरडून दमतात. आणि कुणाला तरी मोजायला सांगा, की कमेंटा शंभर असतील तर नावं किती? मी हे दोनदा करून घेतलंय. दोन्ही वेळा ‘अख्खा महाराष्ट्र माझ्या विरोधात आहे’ ही माझी समजूत वीस-पंचवीस नावांवर आली होती.

खातं कायमचं बंद करू नका. एक तर पुरावा जातो. शिवाय तुमच्या नावाने कुणी बनावट खातं उघडलं, तर खरं कुठलं हे सांगायला तुमच्याकडे काही उरत नाही. पासवर्ड भावाकडे किंवा बायकोकडे द्या, महिनाभर बघू नका.

‘शाळेत येऊन बघतो’ मात्र वेगळ्या फडताळात जातं. इथे गप्प बसणं हा शहाणपणा नाही. धमकी ही न्याय संहितेच्या कलम ३५१मध्ये येते. नाव लपवून दिलेल्या धमकीसाठी त्यातच वेगळी, जादा शिक्षा सांगितली आहे. जातीवरून शिव्या येताहेत म्हणता. तुम्ही अनुसूचित जाती-जमातीचे असाल, तर १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो, आणि मग बघायची नजर पूर्ण बदलते. हे पत्रावरून मला कळत नाही, म्हणून वकिलाला पहिल्यांदा हेच सांगा. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. कुणीतरी तुम्हाला नक्की सांगेल, ‘६६अ लावा’. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ला रद्द केलं आहे. त्याच्या नावाने अर्ज केलात तर हसं होईल.

अब्रुनुकसानीचा खटला करू का, असं पुढे मनात येईल. त्यासाठी पोलीस थेट गुन्हा नोंदवत नाहीत, दंडाधिकाऱ्यांकडे खाजगी तक्रार करावी लागते. तारखा तुम्हालाच लागतात. माझ्या ओळखीच्या एका लेखकाने केला होता. समोरचा तिसऱ्या तारखेपासून येईनासा झाला, हे मात्र रजा टाकून तालुक्याला जात राहिले, आणि त्या काळात त्यांनी एक ओळ लिहिली नाही. धमकीसाठी पोलीस जरूर. शिवीसाठी कोर्ट, माझ्या मते, नको.

पुरावा गोळा करताना बहुतेक जण नुसता मजकुराचा फोटो काढतात. त्याचा उपयोग कमी. तारीख-वेळ दिसली पाहिजे, पोस्टची लिंक आणि प्रोफाइलची लिंक वेगळी लिहून ठेवली पाहिजे, कारण माणसं रातोरात नाव बदलतात. फोनमधला पुरावा न्यायालयात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खाली प्रमाणपत्र लागतं, म्हणून ज्या फोनवर स्क्रीनशॉट घेतले तो विकू-बदलू नका. आणि हे काम स्वतः करू नका. माझ्या वेळी भाचीने केलं. रोज संध्याकाळी दहा मिनिटं बसायची, फाइलमध्ये टाकायची, आणि मला फक्त ‘आज नवीन काही नाही’ किंवा ‘आज एक आहे’ एवढंच सांगायची. मजकूर मी आजतागायत वाचलेला नाही.

नोकरीचं लगेच बघा. अशा वेळी ट्रोलांचा पुढचा टप्पा ठरलेला असतो : गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे निनावी अर्ज. तो पोचायच्या आधी तुम्ही मुख्याध्यापकांना आणि केंद्रप्रमुखांना भेटा, पुस्तकाची प्रत हातात द्या, जत्रेचं पान दाखवा, पोलिसांकडच्या अर्जाची पोच दाखवा. साहेबांना आयत्या वेळी कळलेली गोष्ट कायम वाईट असते.

यातूनच एक महत्त्वाची गोष्ट. तडजोडीची बैठक बोलावली जाईल. चार प्रतिष्ठित, एखादे पदाधिकारी, चहा, आणि टाइप करून आणलेला कागद. तिथे एकट्याने जाऊ नका आणि काहीही सही करू नका. तमिळ लेखक पेरुमाळ मुरुगन यांचं प्रकरण यासाठी माहीत असायला हवं. तेही शिक्षक, कॉलेजात शिकवत. त्यांची कादंबरी २०१०ला आली होती, चार वर्षं कुणाला काही आक्षेप नव्हता. २०१४च्या डिसेंबरात त्यांच्याच तिरुचेंगोडे गावात पुस्तक जाळलं गेलं, पुढे बंद पुकारला गेला. १२ जानेवारी २०१५ला जिल्हा प्रशासनाने ‘शांतता बैठक’ घेतली आणि तिथे त्यांच्याकडून बिनशर्त माफी, पुस्तक मागे घेण्याचं कबूलपत्र, सगळं लिहून घेतलं. त्यानंतर त्यांनी फेसबुकवर जाहीर केलं, की पेरुमाळ मुरुगन हा लेखक मेला. ५ जुलै २०१६ला मद्रास उच्च न्यायालयाने निकाल दिला, की ती तडजोड त्यांच्यावर बंधनकारक नाही, आणि लेखकाने पुन्हा लिहावं. ते लिहू लागले. पण मधलं दीड वर्ष गेलं, गाव सोडावं लागलं. तुमचं प्रकरण त्याच्या शंभराव्या हिश्शाचंही नसेल. कागद मात्र तसाच पुढे येतो.

प्रकाशकांबद्दल दोन शब्द. ‘गाजतंय, खपेल’ हे मी प्रकाशनगृहाच्या आतून ऐकलेलं वाक्य आहे, कधी मीही बोलले असेन. फोटो फुकट फिरतो. अर्धं पान बघून भडकलेला माणूस उरलेली एकशे साठ पानं विकत घेत नाही. तुमचा करार काढून बघा. ‘मजकुरातून उद्भवणाऱ्या कायदेशीर बाबींची जबाबदारी लेखकाची राहील’ असं कलम त्यात बहुधा आहे. श्रेयपानावर ‘लेखकाच्या मतांशी प्रकाशक सहमत असतीलच असे नाही’ हेही असेल. म्हणजे खप झाला तर दोघांचा, खटला झाला तर तुमचा. त्यांना विचारा, वकिलाचा खर्च कोण देणार, आणि प्रकाशनगृहाच्या कागदावर तुमच्या बाजूने चार ओळी लिहून देणार का. उत्तरावरून पुढचं पुस्तक कुणाला द्यायचं ते ठरेल.

आज रात्री एवढं करा : फोन घरातल्या कुणाकडे तरी द्या, उद्या सकाळी आधी मुख्याध्यापक, मग पोलीस ठाणे, मग वकील. आणि रविवारी, जमलं तर, संग्रह काढून त्या वाचकाच्या म्हणण्यातल्या ‘बऱ्याच कथा’ कोणत्या असाव्यात त्यांवर पेन्सिलीने खुणा करा. तो विहिरीची कथा विसरला नाही, हेही त्याने लिहिलंय. तुम्ही पत्रात ते उतरवलंत, पण त्यावर एक अक्षर बोलला नाहीत.

तुमचं पुस्तक मी काल मागवलं आहे. वाचून झालं की कळवीन. आवडलं नाही तर तेही सांगेन, पण ते तुम्हालाच, पत्राने.